पोकळ भिंत

"साहेब, भिंत पोकळ झाली की ओ!" गवंडी थापी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

2007 साल. सोलापुरात माझं घर उभं राहत होतं. विटा नेहमीसारख्या न निजवता काठावर उभ्या करायच्या आणि मध्ये रिकामी जागा सोडायची, असं मी त्याला सांगितलं होतं. या रचनेचं नावच उंदराच्या पिंजऱ्यावरून पडलंय, 'रॅट-ट्रॅप बाँड'. विटा जवळजवळ पाव हिश्श्याने वाचतात आणि मधली हवा आमचा मे महिना भिंतीबाहेरच थोपवते.

"कुणी शिकवलं हे?"

"बेकरसाहेबांनी."

"बेकरीवाले?"

वास्तुविशारद लॉरी बेकरांना मी कधी भेटलो नाही. ओळख झाली ती किल्लारीच्या भूकंपामुळे. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून आम्ही झोपलो होतो. पहाटे 3.56 ला मांडणीतली भांडी खणखणली. दुसऱ्या दिवशी भाकरींची गाठोडी घेऊन ट्रकमधून तिकडे गेलो. गावं नव्हतीच, नुसते ढीग. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माळवदं निजलेल्या माणसांवर बसली होती. परत आल्यावर आईला सांगितलं. आमच्याही घराला माळवदच. पुढे कितीतरी रात्री ती अंगणात झोपली.

नंतर समजलं, केरळातल्या 'मलयाळ मनोरमा' या वृत्तपत्राने लातूर जिल्ह्यातलं बाणेगाव नव्याने वसवायला घेतलंय आणि आराखडा बेकरांचा आहे. तेव्हा ते 76 वर्षांचे होते. एवढ्या वयात दुसऱ्याच्या मुलखातल्या पडक्या गावासाठी धावणारा हा इंग्रज कोण, म्हणून मी वाचू लागलो.

जन्म बर्मिंगहॅमचा, 1917 चा. पंथाने क्वेकर, म्हणून युद्धात बंदूक न धरता शुश्रूषा पथकातून चीनला गेले. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच युद्धातल्या जखमींची सेवा करायला चीनला गेले होते. तिथेच लग्न केलं, मुलगा झाला आणि 1942 मध्ये तिथल्याच मातीत मिळाले. बेकर परतीच्या वाटेवर जहाजासाठी मुंबईत थांबले आणि गांधीजींना भेटले. चिंध्यांपासून केलेल्या त्यांच्या जोड्यांवर गांधीजींची नजर गेली म्हणतात. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर गाठीला बांधला.

1945 मध्ये ते कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आले ते कायमचेच. 1948 मध्ये केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न केलं. मग पिथोरागढच्या डोंगरात सोळा वर्षं संसार आणि दवाखाना एकत्र चालला. पुढे तिरुवनंतपुरमला खडकाळ उतारावर 'हॅम्लेट' हे घर बांधलं. तीन मुलांचा संसार वाढेल तशी एकेक खोली चढत गेली. घराचा नकाशा ते पाठकोऱ्या कागदावर, जुन्या पाकिटावर काढत. झाड आडवं आलं तर भिंत वळवत. 1990 मध्ये पद्मश्री मिळाली.

आईला नव्या घरात आणलं तेव्हा तिने आधी वर पाहिलं. "वर माती किती टाकलीस?"

"माती नाही. स्लॅबच्या पोटात जुनी कौलं बसवलीत. काँक्रीट कमी, वजन कमी."

तिने भिंतीवर बोटाने टकटक केलं. "आत काय?"

"हवा. आणि कोपऱ्यांत सळया."

त्या दुपारी ती आत झोपली. गच्चीचं काम बाकी होतं तरी.

त्याच सुमारास, 1 एप्रिलला, बेकर गेले. पेपरात वाचून मी गवंड्याला सांगितलं. आता तो त्यांना बेकरसाहेबच म्हणत होता. जरा वेळ गप्प राहिला.

"मग आता काही चुकलं तर इचारायचं कुणाला ओ?"

उत्तराची वाट न बघता त्याने ओळंबा सोडला आणि कालचीच भिंत पुन्हा तपासू लागला.