उशीर नेमका कुणाचा?

मागच्या महिन्यात मुंबईला वकिलांच्या एका परिषदेत मी 50 मिनिटं उशिरा पोहोचलो. सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यावर निबंध वाचायचा होता. सत्राचे अध्यक्ष माईकवरूनच म्हणाले, "मराठवाड्यातल्या मंडळींनी आता वेळेची शिस्त शिकायला हवी." सभागृह हसलं. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

आधी शिस्तीचा हिशोब. आदल्या संध्याकाळीच परभणी स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून निघालो. तिकीट वेटिंगवरच राहिलं. जनरल डब्यात दाराजवळ बॅगेवर बसलो. परभणी ते मनमाड हा जवळपास 300 किलोमीटरचा मार्ग वर्षानुवर्षे एकेरी राहिला. समोरून गाडी आली की एकीनं थांबायचं. त्या रात्री दर वेळी आमचीच थांबली. मध्येच कुणाची तरी बाटली कलंडली आणि निबंधाच्या प्रती भिजल्या. मनमाडच्या अलीकडे, अंधारात, त्या प्रती वाळवत बसलो.

याच मनमाडला 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी तिथे बजावलं. गँगमन म्हणून राबणाऱ्या अस्पृश्याची बढती कुठे अडते, हेही मांडलं.

मनमाडहून भुसावळकडे निघालं की चाळीसगाव लागतं. 1929 साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब तिथे उतरले, तेही एका गावातल्या बहिष्काराच्या चौकशीसाठी. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला बसला आपलाच एक माणूस, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. वरवर पाहता तो अपघात, मुळाशी जात.

माझी गैरसोय त्या वेदनेच्या पासंगालाही पुरणार नाही. पण प्रश्न तोच आहे: वाट कुणाची अडते आणि दोष कुणाला लागतो?

15 मिनिटांच्या मांडणीला मला 4 मिनिटं मिळाली. जेवणाच्या रांगेत एका वकीलसाहेबांनी आडनाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला भाडं सरकारच देत असेल." भाडं मी बहिणीच्या बचत गटातून उसनं घेतलं होतं. दादरला राहणारा 20 मिनिटांत येतो, तो वक्तशीर. रात्रभर बसून येणारा बेशिस्त. गुणवत्तेची फूटपट्टी अशीच तयार होते.

या वेळी मी हसलो नाही. परत आल्यावर आयोजकांना पत्र लिहिलं: प्रवासखर्च आधी द्या, लांबून येणाऱ्यांची सत्रं दुपारनंतर ठेवा, पुढची परिषद परभणीत घ्या. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि मित्रांनो, आपणही एक करू. प्रत्येक तालुक्यात छोटा प्रवासनिधी उभा करू. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा त्यात टाकू. आपली पोरं आदल्या दिवशीच पोहोचतील, मुक्काम करतील आणि पूर्ण 15 मिनिटं बोलतील. संघटित व्हा म्हणजे हेसुद्धा.

जयभीम!