पाण्याखालचे दप्तर

गोव्यात जन्म गेला, तरी समुद्राचा तळ आम्हा चौघा माजी विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हता. वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडपाशी आम्ही स्कूबा डायव्हिंग शिकलो, तेव्हा पोहण्याआधी शिकावे लागले ते सामान बांधणे.

पाठीवर हवेची टाकी, अंगात फुगवता येणारे जाकीट, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा. टाकीपासून चार नळ्या निघतात. एक तोंडातल्या रेग्युलेटरची, दुसरी जादा रेग्युलेटरची, तिसरी हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजची, चौथी जाकिटाची. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असते. लोंबणारी प्रत्येक वस्तू पाण्याला अडते, पाय जास्त मारावे लागतात, श्वास वाढतो आणि टाकी लवकर रिकामी होते. लोंबते गेज प्रवाळावर आपटते किंवा तुटक्या जाळ्यात अडकते. म्हणून ते जाकिटाला हुकाने अडकवायचे. सहलीच्या दप्तरात आपण ‘असू दे’ म्हणून काहीबाही कोंबतो, ते इथे चालत नाही.

पिवळ्या रंगाचा जादा रेग्युलेटर मात्र आपल्यासाठी नसतोच, तो जोडीदारासाठी! हनुवटी आणि बरगड्यांची खालची टोके यांमधल्या त्रिकोणात, ओढताच सुटेल असा तो लावतात. फ्लोरिडातल्या गुहांत उतरणारे पाणबुडे तर तोंडातलाच रेग्युलेटर 7 फुटी नळीसह जोडीदाराला देतात, कारण तो चालू आहे याची खात्री असते. जादा रेग्युलेटर त्यांच्या स्वतःच्या गळ्यात असतो.

सरावाच्या दिवशी पाणी गढूळ होते. आमच्यातल्या एकीने गळ्यावरून आडवा हात फिरवून ‘हवा संपली’ अशी खूण केली. सराव आहे हे माहीत असूनही छातीत धडधडले. पण तिचा हात न चाचपडता पिवळ्या रेग्युलेटरवर गेला. दोघी एकमेकींचा दंड धरून सावकाश वर आल्या. पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचे बक्कल, नळ्या, टाकीची झडप का तपासून घेतात, ते त्या दिवशी पटले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही मोठे झाल्यावर जरूर उतरा, पण प्रशिक्षित शिक्षकाबरोबरच. आणि उडी मारण्यापूर्वी जोडीदाराला एवढे विचारा, “तुझी जादा हवा कुठे आहे?” आपले सामान नीटनेटके असणे ही दुसऱ्याची सोय असते, कधी कधी त्याचा प्राणही.