अब्बांची येझदी

अब्बा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या मागे घरात उरले एक मनगटी घड्याळ, हिशेबाच्या दोन वह्या आणि १९८६ सालची येझदी रोडकिंग. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर म्हणून त्यांनी तीस वर्षे काढली. माग कुठे अडतो आहे ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळत असे. गाडीचेही तसेच. मी मात्र शिक्षक झालो. डी.एड. नको, बी.एड. कर, हा त्यांचाच आग्रह. त्यामुळे पाना हातात धरण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही.

गाडी तीन वर्षे जिन्याखाली गोणपाटाखाली उभी होती. कोल्हापूरचा एक शौकीन माणूस चांगली किंमत द्यायला तयार झाला. धाकट्या भावाचे म्हणणे, विकून टाकू. अम्मी एवढेच म्हणाली, "बेचनाच है तो चालू करको बेच. बंद पडी सो गाडी तेरे अब्बा के नाम पे नक्को दे." तेव्हा २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी कामाला लागलो.

म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये ते नाव नव्या गाड्यांवर परत आले, पण त्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि बहुतेक मोटरसायकलींत त्याच्या जागी इंजेक्शन आले. त्यामुळे कार्बोरेटर उघडणारी माणसे आता गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अब्बांचे जुने मिस्त्री चाचा आहेत, पण त्यांचे हात थरथरतात. ते स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचे, असे ठरले.

"पहिले करंट देख, फिर पेट्रोल, आखिर में कार्बोरेटर," हा त्यांचा पहिला धडा. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. निळी ठिणगी पडली. टाकी धुऊन ताजे पेट्रोल आणि लिटरला ४० मिली ऑइल घातले. पाइप काढून कॉक सोडला, धार आली. मग कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत तीन वर्षांपूर्वीचे पेट्रोल आटून तपकिरी चिकट थर झाला होता, काकवीसारखा. वास वार्निशचा.

कार्बोरेटर म्हणजे तसे साधे यंत्र. पिस्टन हवा ओढतो. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब कमी होतो आणि वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाते. गाडी उभी असताना पायलट जेट, मधल्या चालीला सुई, आणि पूर्ण अ‍ॅक्सिलेटर ओढला की मेन जेट, अशी कामाची वाटणी. आमचा पायलट जेट पार बुजला होता. मी तार शोधू लागलो तशी चाचांनी माझ्या हातावर चापट मारली. जेट पितळेचा, नरम. तारेने छिद्र मोठे झाले की त्याचे माप कायमचे गेले. तो द्रावणात भिजत घालायचा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंकायचा.

गाडी सुरू झाली. अम्मी दारात आली आणि काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर ओव्हर होऊ लागला, पेट्रोल ठिपकू लागले. फ्लोटची सुई झिजली होती; ती बदलली. मग मी हौसेने टाकी रंगवून आणली, झाकण स्वतः पॉलिश लावून आरशासारखे केले, आणि हातकणंगले रस्त्याला निघालो.

चार-पाच किलोमीटरवर गाडी घुटमळली आणि बंद पडली. टाकीत पेट्रोल होते. कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल म्हणून वाटी खोलून पुसली. गाडी सुरू झाली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे नऊ वेळा झाले. नवा मेन जेट घातला. प्लग पांढरा निघत होता, म्हणजे पेट्रोल कमी पडत होते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जाते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होण्याची भीती. म्हणून सुईची क्लिप एक खाच खाली घेतली. सुई वर आली, पेट्रोल वाढले. तर घरापाशी प्लग काळा मिट्ट आणि गल्लीभर धूर. भाऊ म्हणाला, "भाईजान, येते तसे पैसे घेऊन टाका."

त्या रात्री मी डायरीत दोन ओळी लिहिल्या. निघताना प्लग काळा, पाच किलोमीटरवर पांढरा. एकच कार्बोरेटर, तोच जेट, तीच सुई. मग दोन तऱ्हेची उत्तरे कशी? चाचांना विचारले. त्यांनी उलट विचारले, "बंद पडी तो पहिले क्या करता तू?" मी म्हणालो, "टाकीचे झाकण उघडून पेट्रोल बघतो." ते हसले. "फिर कार्बोरेटर कायको खोलता? झाकन खोल को सीधा किक मार."

तसेच केले. गाडी बंद पडली, झाकण सैल केले. फुस्स! टाकीने दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. पहिल्या किकला गाडी सुरू. झाकणाला एक बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली जाते तितकी हवा त्यातून आत यावी लागते. ती आली नाही तर टाकी भरलेली असूनही धार आटते. ते छिद्र बुजले होते माझ्याच पॉलिशने. आणि मी दर वेळी झाकण उघडून गाडी दुरुस्त करत होतो व श्रेय जेटला देत होतो.

तेव्हा मला आठवले. दर शुक्रवारी गाडी पुसताना अब्बा कॉलरला खोचलेली टाचणी काढून झाकणात फिरवत. मला वाटे, मळ काढत असतील. मी कधी विचारले नाही, त्यांनी कधी सांगितले नाही.

बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकवतात. आधी दोष शोधा, मग उपाय करा. परीक्षेत मी ते पानभर लिहिले होते. पण माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा फळ्यावरचे चुकीचे उतरवायचा. मी त्याला सहा महिने शुद्धलेखन लिहायला लावले. पुढच्या बाकावर बसवले की तो सुधारे, आणि मला वाटे, शुद्धलेखनाचा गुण आला. शेवटी त्याची मावशी डोळे तपासायला घेऊन गेली, तेव्हा कळले की त्याला लांबचे दिसत नव्हते. त्या पोराचे सहा महिने मी परत देऊ शकत नाही. कार्बोरेटर निदान नऊ वेळा उघडूनही रागावला नाही.

क्लिप परत मधल्या खाचेत घातली. आता हातकणंगल्यापर्यंत जाऊन आले तरी प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघतो. एक काळजी नवीन आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. ते आमच्याच भागातल्या उसापासूनही बनते, पण ते ओल धरते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पाइप आणि वॉशर बदलले, आणि गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करतो.

कोल्हापूरच्या त्या माणसाचा अजून फोन येतो. भावाचे मन विकण्याकडेच आहे, आणि त्याचेही काही चूक नाही. दोन घरे, एक जिना. सौदा ठरला तर मी गाडीबरोबर कागदपत्रे देईन, जुने जेट देईन, आणि झाकणाबद्दल त्याला नीट सांगेन. तोवर माझ्या कॉलरला टाचणी असते. वर्गात मुले विचारतात, "सर, ये कायको?" मी त्यांना सांगतो.