चार बोटांचे अंतर

मराठीच्या प्राध्यापकाला कराटे येत असेल, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या पत्नीचा तर अनेक वर्षे मुळीच नव्हता. आणि तिच्यापाशी पुरावा होता!

कॉलेजात असताना मी पाच वर्षे कराटे शिकलो. आमच्या सरांचा दंडक एकच : ठोसा पुऱ्या वेगाने सुटला पाहिजे, पण समोरच्याच्या नाकापासून चार बोटांवर थांबला पाहिजे. हजारो वेळा तो थांबला.

पुढे एका रात्री बसथांब्यावर एका भामट्याने पत्नीच्या मंगळसूत्राला हात घातला. माझी मूठ विजेसारखी सुटली आणि त्याच्या नाकापासून बरोबर चार बोटांवर थांबली! त्याने क्षणभर तिच्याकडे कुतूहलाने पाहिले आणि मंगळसूत्र घेऊन तो पसार झाला.

“घाबरवलंत मात्र छान हो त्याला!” पत्नी म्हणाली.

शरीर हा मोठा प्रामाणिक विद्यार्थी आहे. आपण काय शिकवू पाहतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. रोज जे करून घेतो तेच ते शिकते. माझी मूठ मारण्याबरोबर थांबणेही शिकली होती.

१८८२ साली जपानात ज्यूदोचा पाया घालणाऱ्या जिगोरो कानो यांनी या पेचातून वाट काढली. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी ठरवून करायच्या ‘काता’पुरते ठेवले आणि उरलेले डाव झुंजीत पुऱ्या ताकदीने खेळू दिले. आमच्या कराटेत डाव घातकच राहिला, ताकद तेवढी आवरली. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ अशी बसली की इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. हमेदी बाद ठरला; सुवर्णपदक मिळाले बेशुद्ध पडलेल्याला!

हसू येते, पण सरावात कुठेतरी खोटेपणा ठेवावाच लागतो. नाहीतर उद्या सरावाला जोडीदार कुठून आणायचा? आपला खोटेपणा नेमका कुठे आहे, एवढे मात्र ठाऊक हवे. मला ते बसथांब्यावर कळले.

गेल्या वर्षी आमचे बारावीतले चिरंजीव मला नको ते बोलले. संतापाने माझा हात सुटला आणि त्याच्या गालापासून चार बोटांवर थांबला. खोलीत कुणीच बोलले नाही. पत्नी दारात उभी होती.

त्या दिवसापासून ती मंगळसूत्राची गोष्ट पाहुण्यांना सांगत नाही.