'रेल्वे' या शब्दातील सांधा

पदवीवर्गाच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एकदा एका विद्यार्थ्याच्या निबंधातील 'जलंब-खामगाव रेल्वेमार्ग' या शब्दप्रयोगाखाली मी लाल रेघ ओढली आणि बाजूला 'पुनरुक्ती' असा शेरा लिहिला. इंग्रजीत 'रेल' म्हणजे रूळ आणि 'वे' म्हणजे मार्ग; मग त्यापुढे आणखी 'मार्ग' कशासाठी, असा माझा तर्क होता. विद्यार्थ्याचा अर्धा गुण गेला.

पुढे जलंब स्थानकावर, १८७० साली सुरू झालेल्या त्या खामगाव फाट्याच्या गाडीची वाट पाहत असता, एका वृद्धेने विचारले, "खामगावची रेल्वे गेली काय, भाऊ?" त्या प्रश्नाने माझा तर्क डळमळला. मराठीत रेल्वे येते, सुटते, चुकते. मार्ग कधी सुटत नाही. म्हणजे या शब्दातील 'वे'चा अर्थ मराठीत शिल्लकच नाही.

उच्चारही हेच सांगतो. इंग्रजीत या शब्दाच्या पहिल्या अवयवावर आघात येतो आणि दुसऱ्यातील स्वर 'एइ' असा सरकत जातो. मराठीत तो आघात मावळतो आणि स्वर शुद्ध 'ए' होतो. लेखनात तर सांधाच बुजतो. 'रेल्-वे' असा उच्चारला जाणारा शब्द आपण 'रे' आणि 'ल्वे' अशा दोन अक्षरांत लिहितो. हिंदीच्या 'रेलवे' या लेखनात 'ल' निदान सुटा तरी राहतो. शिवाय मराठीत हा शब्द 'गाडी'प्रमाणे स्त्रीलिंगी झाला आहे.

तात्पर्य, इंग्रजीतील सामासिक शब्द मराठीत येताना समास म्हणून येत नाही. तो अखंड शब्द म्हणून येतो आणि नव्या समासाचे पहिले पद होण्यास मोकळा असतो. 'रेल्वेचा मार्ग तो रेल्वेमार्ग' हा षष्ठी तत्पुरुष म्हणूनच निर्दोष आहे. पोर्तुगीजमधून आलेल्या 'पाव'चा अर्थ मुळात रोटीच. तरी 'पावरोटी'ला आपण पुनरुक्ती म्हणत नाही. विग्रह करावयाचा तो शब्दाच्या जन्मभाषेनुसार नव्हे, तर तो बोलणाऱ्यांच्या जाणिवेनुसार, हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. लाल शाई हाती येताच विसरलो.

ती उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल. तो अर्धा गुण मात्र अजून माझ्याकडे बाकी आहे.