शकुंतलेचा अरुंद मार्ग

सुलतानपुरात रेल्वे नाही. मेहकर आणि बिबी यांच्या दरम्यान, नागपूर-मुंबई जुन्या रस्त्यावर वसलेल्या या गावाचा व्यापार आधी बैलगाडीवर व पुढे ट्रकवर चालत आला. मात्र हाच रस्ता धरून पूर्वेकडे निघाल्यास मालेगाव तालुक्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेता येते आणि पुढे कारंजा लाड येथे वऱ्हाडातील एका छोट्या रेल्वेच्या रुळांशी गाठ पडते. लोकांनी तिला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटले.

कारंजाची ओळख जैन वाचकांस करून द्यावी लागत नाही. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे येथे आहेत. येथील शास्त्रभांडारांतील अपभ्रंश ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी १९३०च्या दशकात संपादून अभ्यासकांपुढे आणले. शकुंतलेचा एक फाटा मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाई, दुसरा अचलपूरला. अचलपूर-परतवाड्याहून मुक्तागिरी सिद्धक्षेत्र जवळच आहे. अशा रीतीने ज्ञानाचे एक स्थान व तपाचे एक स्थान या चिमुकल्या गाडीने जोडले होते.

ती बांधली गेली मात्र कापसासाठी. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तेथे मोठ्या गाडीत भरायचा व मुंबई बंदरातून विलायतेला पाठवायचा, हा हेतू. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, पूल हलके चालतात, वळणे लहान घेता येतात. म्हणून थोड्या भांडवलात तो आडबाजूच्या गावांपर्यंत पोहोचतो. १९९४ पर्यंत या मार्गावर वाफेचे इंजिन धावत होते.

स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी मध्य रेल्वेने चालवायची आणि मोबदला मालकाला द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. ज्याची मालमत्ता त्याला ती सांभाळण्याची निकड नाही, आणि जो चालवतो त्याची ती मालमत्ता नाही! बँकेत कर्जप्रकरणे तपासताना असे व्यवहार पुष्कळ पाहिले. घसाऱ्याची तरतूद न करता नफा वाटून घेतला, की ताळेबंद काही वर्षे सुरेख दिसतो. पुढे यंत्रच थांबते. रूळ झिजले, वेग मंदावला, बस पुढे निघून गेली आणि अखेर गाडी बंद पडली.

अरुंद मार्ग कालबाह्यच असतो, असे मात्र समजू नये. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डेन प्रांतातील ऱ्हेटियन रेल्वे एक मीटर रुंदीच्या मार्गावर आल्प्स पर्वत चढते. तिच्या मार्गावरील लांडवासर पूल ६५ मीटर उंच आहे. तिच्या आल्बुला व बर्निना मार्गांस २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. तरी ती केवळ पर्यटकांची करमणूक नाही. गावकरी व माल यांची ने-आण ती रोज करते. निम्म्याहून अधिक भागभांडवल त्या प्रांताच्या सरकारचे आहे. १९०३ साली सुरू झालेला आल्बुला बोगदा जीर्ण झाला, तेव्हा शेजारी नवा बोगदा खणून तो २०२४ साली खुला केला आणि जुना सुरक्षेसाठी राखला. तो देश धनवान आहे, हे खरेच. पण जेथे माणसे राहतात तेथील लोकांच्या हाती मालकी असणे, हेही तिच्या टिकण्याचे कारण आहे.

शकुंतलेचे रुंदीकरण व्हावे, ही या भागाची जुनी मागणी आहे. मार्ग रुंद होवो वा अरुंद राहो, कारंजा, दारव्हा, अचलपूर येथील शेतकरी, व्यापारी व यात्रेकरू यांना गाडी हवी आहे. आपल्या परंपरेत नव्या मंदिराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व जीर्णोद्धाराला आहे. मंदिराचा कळस उतरू नये म्हणून आपण वर्गणी काढतो, विश्वस्त नेमतो, दरसाल हिशेब मांडतो. हीच दक्षता सार्वजनिक मालमत्तेबाबत दाखविणे हासुद्धा व्यापारी समाजाचा धर्म होय. कारंजाला दर्शनासाठी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मंदिरातून निघताना घटकाभर त्या जुन्या स्थानकावरही जाऊन यावे.