पायघड्या

'पायघड्या घालणे' हा वाक्प्रचार आम्ही आयुष्यभर लिहीत-बोलत आलो. परंतु त्या खरोखरीच घालण्याचा प्रसंग आला तो २०२४ च्या डिसेंबरात, इंदूरला, पुतणीच्या लग्नात. याद्या झाल्या आणि वहिनींनी हे काम आमच्याकडे सोपविले. "भाऊजी, तुम्हांला चिकित्सा फार, तेव्हा तुम्हीच बघा."

आमची आजी सांगे की, तिच्या काळी हा मान परिटाचा. वरमाय जानवशाहून निघाली की तो धुतलेल्या वस्त्रांच्या घड्या तिच्यापुढे उलगडीत जाई, मागची उचलून पुन्हा पुढे अंथरी. ती वस्त्रे पुष्कळदा गावातल्याच कुणाची धुवायला आलेली असत, हे सांगताना तिला हसू आवरत नसे. त्या वेळी कापड सुती होते आणि खाली सारवलेली भुई होती. पाय घसरावा कशावरून? आता मंगल कार्यालयात आरशासारखी फरशी असते आणि तिच्यावर आपण रेशमासारखे चकाकणारे काहीतरी पसरतो.

आमची चिकित्सा उगीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात आमच्या थोरल्या बहिणीचा पाय सॅटिनच्या अशाच पट्ट्यावरून सरकला. आत मंगलाष्टके चालू होती आणि आम्ही तिचा मोडलेला मनगट सावरीत रिक्षा शोधीत होतो. तो हात अजून पुरता वळत नाही. आणि या खेपेस वराच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या, खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या, काठी टेकीत चालणाऱ्या.

टेंटहाउसवाल्याने प्रथम लाल, पातळ नमद्यासारखे कापड दाखविले. स्वस्त खरे, पण पावलागणिक त्याच्या चुण्या पडत होत्या आणि काठीचे टोक त्यात रुतत होते. मखमलीचा पट्टा देखणा होता; मात्र त्याची पाठ गुळगुळीत आणि भाडे दादाच्या निवृत्तिवेतनाला न झेपणारे. आम्ही प्रत्येकाचा हातभर नमुना मागून आणला, घरच्या फरशीवर टाकला आणि त्यावर टाच फिरवून पाहिली. वहिनी म्हणाल्या, "नाच शिकताय की काय?" पण निवड त्या टाचेनेच केली.

शेवटी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून जाड मांजरपाट घेतला. दारापासून बोहल्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजले होते. कापड आटणार म्हणून दीड मीटर जास्त घेतले. खळ निघून जावी म्हणून दोनदा धुतले, कारण खळीचे कडक कापड फरशीवर सरकते. दोन पन्हे जोडून चार फूट रुंदी केली, म्हणजे हात धरणाराही त्याच कापडावर चालेल. जोडाची शिवण मात्र इस्त्रीने अगदी सपाट बसविली. खाली गालिच्याखाली घालतात ती रबराची जाळी, कडांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. दाराशी एक पायरी होती. तेथे कापड सलग नेले असते तर पायरी झाकली जाऊन दिसलीच नसती, म्हणून ते पायरीअलीकडेच संपवून पलीकडे दुसरा तुकडा घातला. होमापासून दोन हात दूर थांबलो. पाकळ्या उधळायच्या नाहीत, असे करवल्यांना बजावले, तेव्हा त्या आमच्यावर रुसल्या. ओली पाकळी पायाखाली आली की फरशीवर तेलच सांडले समजा! झेंडूच्या माळा दोन्ही अंगांनी सोडल्या आणि पांढऱ्या कापडाला हळदीत बुडविलेला काठ लावला. एकूण खर्च मखमलीच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका आला.

तरी लग्नाच्या सकाळी छातीत धडधड होतीच. वरपक्षाकडच्या कुणीतरी दारात म्हटले, "कापड साधंच आहे, नाही?" वहिनींचा चेहरा उतरला. तेवढ्यात आजी पुढे आल्या. त्यांनी चपला काढल्या, काठी टेकली, एक पाऊल टाकून क्षणभर थांबल्या. अंगठ्याने कापड दाबून पाहिले. मग मागे वळून सुनेला म्हणाल्या, "घट्ट आहे गं. ये निवांत." आधाराला पुढे केलेला नातवाचा हात त्यांनी बाजूला सारला आणि बोहल्यापर्यंत एकट्या चालत गेल्या.

आमची थोरली बहीण त्यांच्या पाठोपाठ आली. तिने मात्र आमचा दंड धरला होता.

लग्नानंतर ते कापड आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने मागून नेले. आता तो ते त्याच्या टेबलावर अंथरतो. हळदीचा काठ अजून दिसतो.